खुलासा : रोटरी इंजिन ऑइल खातं म्हणजे ते संपलं असं नाही

दुबईत नोकरीला गेलेल्या आपल्या संभाजीनगर-जालन्याच्या पोरांमध्ये एक मेसेज फिरतोय : ‘जुनी माझदा आरएक्स-८ ऑइल खाते, म्हणजे इंजिन संपलं.’ हे चूक आहे. या स्पोर्ट्स कारला रोटरी इंजिन असतं, म्हणजे आत पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात; त्या रोटरच्या टोकांवरच्या सीलना वंगण मिळावं म्हणून थोडं ऑइल मुद्दामच आत सोडलेलं असतं, ते जळणारच. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, तेवढी बघत राहायची.

जुनी गाडी घेताना खरी परीक्षा कॉम्प्रेशनची, म्हणजे इंजिन आत हवा किती जोरात दाबतं त्याची. दोन रोटर, प्रत्येकाच्या तीन बाजू; सहाही आकडे रोटरीच्या खास मीटरवर घ्या. गाडी चांगली तापवून बंद करा, लगेच पुन्हा स्टार्टर मारा. सुरू न होता नुसतीच घरघरत राहिली, तर विकणारा कितीही गोड बोलो, बयाणा देऊ नका.

आणि ‘नंतर गावी आणू’ हे डोक्यातून काढा. २०१२ मध्ये बनणं थांबलेली गाडी ‘वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको’ या आपल्याकडच्या आयात-अटीत बसत नाही.