खांद्याच्या दुखापतीची भरपाई: ‘दमडीही मिळत नाही’ हे अर्धसत्य

अमेरिकेत लसीमुळे खांदा जायबंदी झाला तरी औषध कंपन्यांना कायद्याचे अभय असल्याने रुग्णाला दमडीही मिळत नाही, वकील तर परवडतच नाही, आणि कुणाला पैसे मिळालेच तर ती लस विषारी असल्याची सरकारी कबुलीच समजावी, असा मजकूर सध्या फिरतो आहे.

कंपन्यांना संरक्षण आहे, हे खरे. पण ज्या १९८६च्या कायद्याने ते दिले, त्यानेच भरपाईची वेगळी वाट काढली आणि ती १९८८पासून सुरू आहे. अर्ज फेडरल क्लेम्स न्यायालयात होतो. तेथे प्रतिवादी कंपनी नसून केंद्रीय आरोग्य खात्याचे सचिव असतात आणि कुणाचाही निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. खांद्याची ही दुखापत २०१७मध्ये भरपाईयोग्य दुखापतींच्या अधिकृत सूचीत आली. वेदना लस घेतल्यापासून ४८ तासांत सुरू झाली, तो खांदा आधी दुखत नव्हता, वेदना आणि हालचालींवरची मर्यादा त्याच खांद्यापुरती आहे आणि दुसरे कारण दिसत नाही, एवढे दाखवता आले, तर लसीमुळेच हे घडले असे कायदा गृहीत धरतो. ते खोडून काढण्याचा भार सरकारवर पडतो. मात्र त्रास ६ महिन्यांहून अधिक टिकलेला असावा, किंवा रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेली असावी. चार दिवसांच्या ठणक्याला येथे जागा नाही, आणि ते योग्यच आहे. वेदनांपोटी कमाल २,५०,००० डॉलर मिळतात. उपचारखर्च व बुडालेली कमाई वेगळी.

वकिलाला अर्जदाराकडून शुल्क घेता येत नाही. अर्ज सद्भावनेने आणि वाजवी आधारावर केलेला असेल, तर तो फेटाळला गेला तरी न्यायालय शुल्क मंजूर करू शकते.

‘कबुली’चा दावा सर्वांत पोकळ आहे. ही दुखापत सहसा सुई दंडाच्या स्नायूऐवजी फार वर टोचली जाऊन सांध्यालगतच्या भागात दाह झाल्याने होते, म्हणजे प्रश्न टोचण्याच्या जागेचा असतो. शिवाय अनेक प्रकरणे तडजोडीने मिटतात, आणि तडजोड म्हणजे कबुली नव्हे.

मजकूर सत्याच्या जवळ जातो तो कोविड लसींबाबत, आणि नेमका तोच उल्लेख त्यात नाही. त्यांच्यासाठीच्या वेगळ्या योजनेत मुदत लस घेतल्यापासून केवळ १ वर्षाची असून वेदनांची भरपाई किंवा वकिलाचे शुल्क मिळत नाही.

इतर लसींसाठी मुदत ३ वर्षांची आहे, पण ती निदानाच्या किंवा शस्त्रक्रियेच्या दिवसापासून नव्हे, तर पहिले लक्षण दिसले तेव्हापासून मोजली जाते.