फॉरवर्डचं वय

२० ऑगस्ट २०१४, बुधवार. नोकरीमुळं मी तेव्हा बंगळुरात होतो आणि डोकं दुखतंय अशी थाप मारून दुपारीच ऑफिसातून सटकलो होतो. अशोकनगरच्या फुटबॉल स्टेडियमवर भारत-पाकिस्तान होती. क्रिकेट नव्हे, फुटबॉल. आशियाई खेळांच्या तयारीसाठी दोन मॅच ठेवल्या होत्या. रविवारची पहिली आपण रॉबिन सिंगच्या गोलवर १-० अशी जिंकलो होतो. ही दुसरी पाकिस्ताननं २-० मारली. त्यातला एक गोल त्यांचा फॉरवर्ड कलीमुल्ला याचा.

तो गोल कसा झाला, हे आज विचाराल तर मला धड सांगता यायचं नाही. डोक्यात राहिलंय ते वेगळंच. बॉल मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला असताना आपले डिफेंडर बॉलकडं बघत होते आणि हा गडी डिफेंडरांकडं. दोन पावलं मागं, एक आडवं, पुन्हा थांबला. अंगानं काही धिप्पाड नव्हे. शेजारी एक मल्याळी काका बसले होते, ते मोडक्या हिंदीत म्हणाले, "ये नौ नंबर का काम जानता है." शर्टावर नऊ होता की नव्हता, त्याच्याशी काकांना कर्तव्य नव्हतं. नऊ नंबर म्हणजे पुढं राहून गोल मारणारा फॉरवर्ड; कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर लहानाचा मोठा झालेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही.

तेव्हापासून मी या माणसाच्या मागावर आहे. आमच्या ग्रुपवर मला "पाकिस्तानी फुटबॉलतज्ज्ञ" म्हणून चिडवतात. चिडवू देत.

कलीमुल्ला बलुचिस्तानातल्या चमनचा, जन्म १९९२ चा. चमन म्हणजे अगदी अफगाण सीमेवरचं गाव. पलीकडं स्पिन बोल्डक, मधे एक दरवाजा, त्याचं नाव 'बाब-ए-दोस्ती'. तो दरवाजा बातम्यांत येतो तो बहुतेक वेळा बंद झाला म्हणूनच. क्वेट्ट्याहून येणारी रेल्वे खोजक बोगद्यातून इथं येऊन संपते. तो बोगदा इंग्रजांनी १८९१ मध्ये पुरा केला. त्याच वर्षी इकडं मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला. इंग्रज पलटणी जिथं जिथं गेल्या तिथं रेल्वे आणि फुटबॉल सोडून गेल्या, एवढंच. पाकिस्तानचा एकेकाळचा कप्तान मुहम्मद ईसा, तोही फॉरवर्डच, तोही याच चमनचा. धुळीच्या एका गावानं देशाला दोन-दोन फॉरवर्ड द्यायचे, हे पेठा-तालमींच्या फुटबॉलवर वाढलेल्या आम्हा लोकांना अजिबात नवल वाटत नाही. फुटबॉल शहरांत रुजतो, देशात नंतर.

चमनचा हा पोरगा खेळला कुणाकडून? खान रिसर्च लॅबोरेटरीजकडून. होय, तीच लॅब, अब्दुल कदीर खान यांची, कहुट्याची, युरेनियमवाली. कमेंटमध्ये कुणी काही लिहायच्या आधीच सांगून टाकतो. शोएब अख्तरही याच लॅबच्या क्रिकेट टीमचा. पाकिस्तानातलं खेळाचं जग असंच चालत आलंय: वापडा म्हणजे त्यांचं वीज-पाणी खातं, आर्मी, बँका, गॅस कंपनी, कराचीची वीज कंपनी. खेळाडूला क्लब नसतो, खातं असतं. महिन्याचा पगार, हजेरीपट, आणि संध्याकाळी गोल. आपल्याला हे हसण्यासारखं वाटायचं कारण नाही. मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा, महिंद्रा, एअर इंडिया, रेल्वे… मुंबईचा फुटबॉल एकेकाळी याच भाकरीवर जगला. कुपरेजवर माझ्या मामानं पाहिलेले सगळे हिरो सकाळी कुठल्या ना कुठल्या मस्टरवर सही करून आलेले असायचे.

२०१२-१३ च्या हंगामात कलीमुल्लानं पाकिस्तान प्रीमियर लीगमध्ये ३५ गोल केले. पस्तीस! तिथल्या लीगचा तो विक्रम. लॅबवाले चॅम्पियन. "असल्या लीगमध्ये कुणीही मारेल," असं म्हणणारे भेटतात. त्यांना माझं एकच सांगणं आहे, खडकाळ मैदानावर उड्या मारणारा बॉल पहिल्या टचला पायाशी ठेवून दाखवा. गुळगुळीत टर्फवर फर्स्ट टचची कौतुकं करणं सोपं आहे.

मग २०१४ ला तो किर्गिझस्तानात गेला, दोर्दोय बिश्केककडं. बिश्केकमध्ये दोर्दोय नावाचा अवाढव्य बाजार आहे, लोखंडी कंटेनर एकावर एक रचून केलेल्या दुकानांचा. क्लब त्याच मालकांचा. नजर टाका जरा: अणुप्रयोगशाळेतून कंटेनर बाजारात! पण हा पोरगा तिथंही खपला. दोर्दोयनं त्या वर्षी लीग जिंकली. त्याच्या पाठोपाठ आणखी पाकिस्तानी पोरंही तिकडं गेली. बंगळुरात मी पाहिला तो हाच, दोर्दोयचा कलीमुल्ला. बावीस पूर्ण व्हायला महिना बाकी होता. २०१५ मध्ये अमेरिकेत सॅक्रामेंटो रिपब्लिकनं त्याला घेतलं. त्या क्लबनं आदल्याच वर्षी, म्हणजे आपल्या पहिल्याच हंगामात, लीगचं विजेतेपद मारलेलं. तिथं त्याचा फारसा जम बसला नाही, मग टल्सा, पुढं इराकपर्यंत भटकंती. या सगळ्याची गोष्ट "चमन ते अमेरिका" अशी करून विकता येते, आणि तिकडच्या पेपरांनी ती तशी विकलीही. मला त्यात फार रस नाही. मला रस आहे तो त्याच वर्षी त्याच्या घरी काय चाललं होतं त्यात.

मार्च २०१५. वर्ल्ड कप पात्रता, पाकिस्तान विरुद्ध येमेन. येमेनमध्ये युद्ध, म्हणून पहिली मॅच दोह्यात, ती ३-१ नं गेली. दुसरी लाहोरला होती. दोनच दिवस आधी लाहोरात चर्चवर बॉम्बहल्ले झाले आणि मॅच उचलून बहारीनला नेली. तिथं ०-०. खेळ खल्लास.

यानंतर पाकिस्तानचा राष्ट्रीय संघ मैदानात उतरला तो थेट सप्टेंबर २०१८ मध्ये, ढाक्याला, सॅफ म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेत. साडेतीन वर्षं एकही मॅच नाही. कोरोना नव्हता, युद्ध नव्हतं. फेडरेशनची निवडणूक होती.

फैसल सालेह हयात हे २००३ पासून अध्यक्ष. २०१५ च्या निवडणुकीत दोन गट पडले, दोघंही म्हणाले आम्हीच खरे. प्रकरण लाहोर हायकोर्टात, कोर्टानं प्रशासक बसवला, आणि कोर्टानं माणूस बसवला म्हणून ऑक्टोबर २०१७ मध्ये फिफानं निलंबन केलं. मार्च २०१८ ला ते उठलं. मग नवी निवडणूक, ती फिफाला नामंजूर, मग फिफाची समिती, मग २०२१ मध्ये एका गटानं लाहोरच्या फुटबॉल हाउसमध्ये, म्हणजे फेडरेशनच्या मुख्य कचेरीत, घुसून ताबा घेतला, एप्रिलमध्ये पुन्हा निलंबन, ते उठलं जून २०२२ ला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिसऱ्यांदा, तेवढं महिन्याभरात मिटलं. हे लिहितानासुद्धा मला धाप लागली.

आता कलीमुल्लाचं वय या तारखांवर ठेवून बघा. संघ बंद पडला तेव्हा बावीस. पुन्हा खेळला तेव्हा सव्वीसला पंधरा-वीस दिवस कमी. गोलकीपर चाळिशीपर्यंत ओढतो. सेंटर बॅक डोक्यानं खेळून पस्तिशी गाठतो. फॉरवर्डला ती सोय नाही. बावीस ते सव्वीस हीच ती वर्षं, जेव्हा पायात वेग असतो आणि डोक्यात नुकती अक्कल आलेली असते. दोन्ही एकत्र फार दिवस नांदत नाहीत. त्याच्या आयुष्यातली नेमकी ती वर्षं दोन गटांनी खुर्चीच्या खेचाखेचीत घालवली. राष्ट्रीय मॅच नाहीत म्हणजे रँकिंग खाली, रँकिंग खाली म्हणजे परदेशी क्लबला दाखवायला कागद नाही, कागद नाही म्हणजे व्हिसाला अडचण. २०१८ मध्ये पाकिस्तान फिफा क्रमवारीत २०० च्याही खाली होतं.

आणि लोक अजून म्हणतात, "त्यांच्याकडं सगळं क्रिकेटच हो." क्रिकेटनं काय केलंय यात? क्रिकेटनं फुटबॉल हाउसला कुलूप घातलं नव्हतं. भरीला इम्रान खान पंतप्रधान असताना खात्यांच्या टीमच बंद करायचा निर्णय झाला. खाती सोडा, क्लब-शहरांचे संघ करा, हा विचार कागदावर चुकीचा नाही. पण क्लब उभे राहायच्या आधीच पगार गेले. २०२२ मध्ये पुढच्या सरकारनं तो निर्णय फिरवला. तोवर कितीजण रिक्षा चालवायला लागले असतील, देव जाणे.

पाकिस्ताननं वर्ल्ड कप पात्रतेतली आपली पहिलीवहिली मॅच जिंकली १७ ऑक्टोबर २०२३ ला. इस्लामाबाद, कंबोडिया, १-०. गोल हारून हमीदचा, इंग्लंडमध्ये वाढलेला पोरगा. कोच स्टीफन कॉन्स्टंटाइन, आपल्याकडं दोनदा राहून गेलेले. मला त्या दिवशी खरंच आनंद झाला. परदेशात वाढलेली पोरं घेऊ नयेत असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण डेन्मार्क-इंग्लंडच्या अकादमीत वाढलेल्या पोराला दर शनिवारी मॅच मिळते, चमनच्या पोराला साडेतीन वर्षं देशाचीच मॅच मिळत नाही, आणि मग आपण म्हणतो बघा, लोकल टॅलेंट कमी पडतं. कलीमुल्ला तेव्हा एकतीस वर्षांचा होता.

त्याच वर्षीच्या जूनमधलं आठवतंय? सॅफसाठी त्यांचा संघ मॉरिशसहून आपल्या मुंबई विमानतळावर उतरला. व्हिसा आधीच उशिरा मिळालेला, त्यात इमिग्रेशनमध्ये वेळ गेला, पुढच्या विमानात सगळ्यांना जागा नाही. दोन तुकड्या करून मॅचच्या दिवशी बंगळुरात पोचले आणि संध्याकाळी ४-० नं हरले. छेत्रीची हॅटट्रिक. मीही नाचलो, खोटं कशाला बोलू. रात्री जेवताना मात्र जरा कसंतरी वाटलं.

आपण फार वेगळे नाही हेही लिहूनच टाकतो. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफानं भारतालाही निलंबित केलं होतं, कारण तेच, बाहेरच्यांचा हस्तक्षेप. अकरा दिवसांत सुटलो, कारण ऑक्टोबरात मुलींचा अंडर-१७ वर्ल्ड कप आपल्याकडं होता, नवी मुंबई आणि मडगावला मॅच ठरलेल्या, आणि सगळ्यांचीच पळापळ झाली. तेवढ्यातही गोकुलम केरळ क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचून न खेळता परत आल्या. अकरा दिवस! तिकडं साडेतीन वर्षं.

परवा शिवाजी पेठेत चहाच्या टपरीवर एका जुन्या मित्राला कलीमुल्लाच्या लॅबच्या दिवसांतल्या क्लिपा दाखवत होतो. हा मित्र एकेकाळी आमच्या भागातला फॉरवर्ड. ऐन बहरात असताना एका वर्षी प्रेक्षकांच्या हाणामारीपायी स्पर्धा अर्धवट सुटली. पुढच्या वर्षी गुडघा गेला. आता त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. क्लिपांत पिक्सेल फुटलेले, मैदान मातकट, बॉल दिसतच नाही. तो चष्मा वर करून बघत राहिला.

"आता वय किती याचं?"

"तिशी कधीच ओलांडली."

"हां," म्हणाला, आणि मोबाइल माझ्या हातातून घेऊन क्लिप पुन्हा पहिल्यापासून लावली. चहा गार झाला तो झालाच. पैसे मीच दिले.