वाळवंटात चादर पुरते का?

दिवाळी झाली आणि कच्छ-जैसलमेरच्या सहलींचे बेत सुरू झाले, की बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या मोबाइलवर एक संदेश न चुकता फिरू लागतो. ‘वाळवंटात मुक्कामाला जाण्यासाठी विकत काहीच घ्यावे लागत नाही. सुती टी-शर्ट, अर्धी चड्डी, पायात चप्पल, पांघरायला चादर, माणशी दोन लिटर पाणी आणि पिकनिकचा कोणताही तंबू एवढे पुरते. बाकी सगळी दुकानदारांची लूट आणि हिमालयाची नक्कल आहे,’ असे त्यात म्हटलेले असते. गेली काही वर्षे हिवाळ्यात मुलामुलींना घेऊन त्या बाजूला पायी भटकंतीला जात असल्यामुळे यातली प्रत्येक गोष्ट कोणी ना कोणी करून पाहिलेली मी बघितली आहे. चादरीचा प्रयोग तर माझा स्वतःचाच आहे. संदेश सर्वस्वी खोटा नाही. मात्र जिथे तो चुकतो तिथे बहुतेक एकाच कारणाने चुकतो: लिहिणाऱ्याने फक्त ऊन लक्षात घेतले आणि हवेचा कोरडेपणा विसरला.

कोरडी हवा काय करते हे घरच्या माठावरून कळते. मे महिन्यात दांडिया बाजारातल्या कोणत्याही घरी माठातले पाणी गार असते. जुलैत पाऊस लागला की तोच माठ निरुपयोगी होतो, कारण दमट हवेत बाष्पीभवन मंदावते. वाळवंटात चालणाऱ्या माणसाची त्वचा हा मे महिन्यातला माठ असतो.

आता कपड्यांचे पाहू. सुती कापडाचा आग्रह बरोबर आहे, आणि तो सोडून द्या असे सांगणारे सह्याद्रीतल्या पावसाचा नियम वाळवंटाला लावतात. सुती कापड घाम धरून ठेवते व सावकाश वाळते. हा पावसाळी डोंगरात दोष, पण कोरड्या उन्हात गुणच आहे. चूक आहे ती अर्ध्या बाह्यांत आणि अर्ध्या चड्डीत. उघड्या त्वचेवर ऊन थेट पडते, आणि पातळ पांढरा टी-शर्ट घामाने भिजला की त्यातून अतिनील किरणे अधिकच आरपार जातात. मंगळबाजारातून घेतलेला साधा, सैल, पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा सदरा यापेक्षा चांगला. यूपीएफ 50 असे लिहिलेले कापड अतिनील किरणांचा पन्नासावा भाग तेवढा आत सोडते. ते मिळाले तर उत्तम, पण त्यावाचून अडत नाही. सैलपणाचे महत्त्व इस्रायलमधल्या नेगेवच्या वाळवंटातल्या बेदुइनांच्या, म्हणजे भटक्या अरबांच्या, काळ्या झग्यांवर झालेल्या आणि 1980 साली ‘नेचर’मध्ये छापून आलेल्या अभ्यासाने दाखवले. काळे कापड जास्त तापते, पण ती जादा उष्णता झग्याच्या आत खेळणाऱ्या हवेबरोबर निघून जाते, त्वचेपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे रंगाची चर्चा आपण करतो तेवढी महत्त्वाची नाही, अंगाला चिकटणारा टी-शर्ट मात्र नक्कीच वाईट. मिठाच्या रणात ऊन खालूनही येते. टोपी घातलेल्या मुलांच्या हनुवटीखालची कातडी भाजलेली मी पाहिली आहे, तेव्हा तिथे गळ्याभोवती उपरणे आणि बाजूंनी झाकणारा गॉगल हवाच.

चप्पल. भर दुपारी वाळू हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, ही एक गोष्ट. दुसरी अशी, की 1960 च्या दशकात कच्छमधल्या बन्नीच्या कुरणांच्या कडेने लावलेली वेडी बाभूळ, म्हणजे गुजरातीतला गांडो बावळ, आता सगळीकडे पसरली आहे, आणि तिचा काटा चपलेच्या तळव्यातून सहज वर येतो. तिसरी गोष्ट म्हणजे फुरसे. ते रात्री बाहेर पडते, वाळूत जवळपास दिसत नाही, आणि तंबूतून बाहेर जाणारे आपले अनवाणी पाऊल नेमके तेव्हाच पडते. हिमालयातले जाड, जलरोधक बूटही इथे नकोत, त्यांत पाय शिजतो. जाड तळव्याचे हलके बूट, वाळू आत जाऊ नये म्हणून घोट्यावर कापडी गेटर, आणि अर्धा नंबर मोठे माप, कारण चालून पाय सुजतो. खरेदीही त्यासाठी संध्याकाळी करावी.

चादरीचा मुद्दा मात्र नीट पाहायला हवा, कारण संदेशातले सर्वांत धोक्याचे वाक्य तेच आहे. राजस्थानातल्या चुरू गावी जून 2019 मध्ये पारा 50.8 अंशांवर गेला होता, आणि त्याच चुरूत हिवाळ्यात तो शून्याखाली जातो. कच्छमधले नलिया तर हिवाळ्यात गुजरातच्या हवामानाच्या बातमीत सर्वांत थंड गाव म्हणून बहुधा पहिले असते. जमीन रात्री उष्णता वर सोडते, ती अडवणारी वाफ कोरड्या हवेत फारशी नसते, आकाश निरभ्र असते, आणि वाळू उष्णतेची मंद वाहक असल्याने दिवसाची ऊब वरच्या थोड्याशा थरातच राहून लवकर संपते. माझा प्रयोग जैसलमेरजवळच्या खुरीच्या टेकड्यांवर जानेवारीत झाला. रात्री नऊला वाळू हाताला कोमट लागत होती, म्हणून मी मोठ्या ऐटीत चादर अंथरून दुसरी पांघरली. दोन वाजता उठून बसलो तो उजाडेपर्यंत बसूनच होतो, आणि दिवसभराच्या घामाने ओलसर राहिलेला सदरा न बदलल्याचा पश्चात्ताप करत होतो. सुती कापडाचा दिवसाचा गुण सूर्यास्तानंतर अवगुण होतो. कोरडे बनियन आणि लोकरीचा स्वेटर पिशवीत वेगळा बांधून ठेवावा. ज्यांना हे हिमालयाचे थेर वाटतात त्यांनी कच्छचे रबारी मेंढपाळ पाहावेत. भुजोडीच्या विणकरांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यासाठी लोकरीचे धाबळे, म्हणजे जाड पांघरुणे, विणले ते शोभेसाठी नव्हे.

स्लीपिंग बॅग घेताना पिशवीवर सर्वांत ठळक छापलेला आकडा पाहू नये. स्लीपिंग बॅगच्या आयएसओ 23537 या आंतरराष्ट्रीय मानकात आराम, मर्यादा आणि टोक असे वेगवेगळे अंश दिलेले असतात. टोकाच्या अंशावर माणूस झोपत नाही, कसाबसा तगतो. आपल्याकडच्या वाळवंटी हिवाळ्याला आरामाचा अंश 5 च्या आसपास असलेली बॅग बहुधा पुरते. तिच्याखाली फोमची चटई हवीच, कारण अंगाखाली दबलेले भरण ऊब धरत नाही. एक पोटभेद इथे सांगायला हवा. थरच्या वाळवंटात पिसांची बॅग चालते. रणात मिठाखाली चिखल असतो, पहाटे दव पडते, आणि पिसे ओलावली की बसतात. रणासाठी कृत्रिम तंतूंची बॅग घ्यावी.

पाण्याचा हिशेब थोडक्यात असा. कोरड्या हवेत घाम दिसण्याआधी उडून जातो, म्हणून घाम येत नाही तर पाणी कशाला, ही समजूत फसवी आहे. थंडीच्या दिवसांतही चालणाऱ्याने दिवसाला चार लिटर धरावे, स्वयंपाकाचे वेगळे. एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा कमरेवर भार घेणारा पट्टा सॅकला हवा. ती चैन नाही. सगळे पाणी एकाच पिशवीत भरू नये, ती फुटली तर सगळेच गेले. घामाबरोबर मीठही जाते, म्हणून ओआरएसची पाकिटे बरोबर असावीत, आणि एक पाकीट पाकिटावर लिहिलेल्या मापानेच, बहुधा लिटरभर पाण्यात, मिसळावे.

तंबूच्या बाबतीत ‘कोणताही’ हा शब्दच चुकला आहे. पिकनिकच्या तंबूबरोबर येणाऱ्या काडीसारख्या बारीक खुंट्या वाळूत लोण्यात सुरी जावी तशा जातात आणि तशाच बाहेर येतात. त्यापेक्षा किराण्याच्या चार कापडी पिशव्या न्याव्यात. पिशवी वाळूने भरून तोंडाला तंबूची दोरी बांधावी, दोरीच्या ओढीत कोपरभर खोल खड्डा खणून ती आडवी पुरावी आणि वर पायाने वाळू दाबावी. रात्री वारा सुटल्यावर आमचे असे बांधलेले तंबू जागेवर राहिले आहेत. भिंतीभर जाळी असलेला तंबू हवेशीर म्हणून घेतात, पण वाऱ्याबरोबर बारीक वाळू जाळीतून गाळल्यासारखी आत येते. जाळी वरच्या बाजूला थोडीच असलेला बरा. चेनमध्ये वाळू अडकते ती जुन्या टूथब्रशने झाडावी, जोर लावून ओढू नये. आणि तंबू कसाही असला तरी कच्छच्या छोट्या रणातल्या घुडखर (रानगाढव) अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही, पांढऱ्या रणाजवळच्या धोरडोच्या बाजूलाही परवाना लागतो.

लूट होते हे मात्र मान्य. बूट, स्लीपिंग बॅग आणि चटई सोडली तर यातली बहुतेक वस्तू बडोद्यातल्या कोणत्याही घरात सापडेल. संदेशातली चादरही न्यावीच: दुपारी एक ते तीन चालणे थांबवून दोन काठ्यांच्या आधाराने ती डोक्यावर ताणली, की चौघांना पुरेशी सावली होते.