कला अकादमीत दीनानाथ गायले होते? खुलासा

गायक-नट मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या गाण्याने पणजीच्या दीनानाथ मंगेशकर कलामंदिराचं उद्घाटन झालं, असा मेसेज फोटोसकट फिरतोय. तसं घडणं शक्यच नाही. मास्टर १९४२ च्या एप्रिलमध्ये पुण्यात वारले. हे कलामंदिर ज्या कला अकादमीत आहे, ती स्थापन झाली १९७० मध्ये. नाट्यगृहाला त्यांचं नाव दिलं ते त्यांच्या स्मरणार्थ.

गोव्यातल्या मंगेशीत १९०० साली जन्मलेला हा मुलगा किशोरवयातच किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला, स्त्रीभूमिकांनी आणि फिरत्या, चपळ तानांनी गाजला. अवघ्या सतराव्या वर्षी, १९१८ मध्ये, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासोबत त्याने बळवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी काढली. हे खरं तर जास्त सांगण्यासारखं आहे!

पाठवणाऱ्यांचा भाव चांगलाच असणार, पण कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ग्रुपवर आधीच टाकला असेल तर काढून टाका.