‘मर्यादा काढा, दुप्पट एफपीएस मिळवा’ : या मेसेजमधलं खरं किती?

परभणी-नांदेडपासून लातूरपर्यंत गेम खेळणाऱ्या पोरांच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. काउंटर-स्ट्राइक २ हा नेमबाजीचा गेम कुठल्याही लॅपटॉपवर दुप्पट वेगानं पळवायचा असेल तर काय करा, याचा. सल्ले असे : एफपीएसची, म्हणजे सेकंदाला तयार होणाऱ्या चित्रांची (फ्रेमची), मर्यादा शून्य करा, म्हणजे मर्यादाच उरणार नाही आणि मशीन पूर्ण ताकद लावेल. व्ही-सिंक (गेमच्या फ्रेम स्क्रीनच्या वेगाशी जुळवणारं सेटिंग) सगळ्या गेममध्ये कायमचं बंद ठेवा. एखाद्या प्रो खेळाडूची कॉन्फिग फाइल (त्याच्या सगळ्या सेटिंगची फाइल) आणून जशीच्या तशी टाका, बटणं बदलत बसू नका. माउसचा डीपीआय, म्हणजे त्याची संवेदनशीलता, शेवटपर्यंत चढवा. आणि चार्जर लावूनच खेळा.

शेवटचा सल्ला बरोबर आहे. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो, ग्राफिक्स कार्डाला मिळणारी वीज कमी होते आणि फ्रेम लगेच पडतात. बाकीचे चार सल्ले मात्र असे सरसकट पाळायचे नाहीत. सोयाबीनच्या पैशातून घेतलेला सेकंडहँड लॅपटॉप या सेटिंगमुळे महिनोन् महिने तापत राहतो, गेम अडकतो, आणि मग पोरगं घरी सांगतं की मशीनच बेकार आहे. मशीन बेकार नसतं.

मर्यादा शून्य करण्यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर गेम २०० एफपीएसनं चालला तर स्क्रीन सेकंदाला ६० वेळाच बदलते, पण दर वेळी दिसणारं चित्र जास्त ताजं असतं, त्यामुळे माउसचा प्रतिसाद किंचित लवकर मिळतो. हा फायदा खरा आहे. पण तो थंडाव्याची उत्तम सोय असलेल्या डेस्कटॉपवर टिकतो. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची उष्णता एकाच तांब्याच्या नळ्यांमधून बाहेर जाते. मर्यादा काढली की कार्ड सतत पूर्ण वीज ओढतं, त्याची उष्णता प्रोसेसरला लागते, आणि तो १०० अंशांच्या जवळ गेला की स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. मे महिन्यात खोलीतच ४२ अंश असतील तर पंखा आत तीच गरम हवा ओढणार. म्हणून पहिली दहा मिनिटं गेम मस्त चालतो आणि नेमका अटीतटीच्या राउंडला झटके देतो.

हाताला जाणवतो तो हाच झटका. ६० एफपीएस म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदाला एक फ्रेम. सरासरी ११० दिसतेय, पण मधूनच एखादी फ्रेम ४० मिलिसेकंद घेतेय, तर नेम चुकणारच. स्क्रीनच्या कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा मोठा असून काय उपयोग?

म्हणून मर्यादा घालायची, आणि ती आपल्या मशीनवरून ठरवायची. भर दुपारी अर्धा तास खेळा. धूर, आग, पाच-सहा खेळाडू एका जागी, अशा गर्दीत आकडा कुठवर उतरतो ते बघा. समजा सुरुवातीला १३० होता आणि तापल्यावर ८५ वर आला, तर कन्सोलमध्ये (गेममधली आज्ञा टाइप करायची खिडकी) fps_max 80 टाका. पंख्याचा आवाज उतरतो आणि गेम शेवटपर्यंत एकसारखा चालतो. खुद्द गेम बनवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीनं काउंटर-स्ट्राइक २ मध्ये मूळची मर्यादा ४०० ठेवली आहे आणि मेनूसाठी वेगळी १२०. मेनूला वेगळी का, याचं उत्तर २०१० साली मिळालं होतं. स्टारक्राफ्ट २ हा गेम आला तेव्हा मेनूच्या स्क्रीनला मर्यादा नव्हती. चित्र साधं, त्यामुळे कार्ड बेसुमार फ्रेम काढत राहायचं आणि तापायचं. तो बनवणाऱ्या ब्लिझार्डनं तेव्हा लोकांना सेटिंगच्या फाइलमध्ये मर्यादेच्या ओळी हातानं टाकायला सांगितल्या.

शिवाय सगळेच गेम वाढीव फ्रेम पचवत नाहीत. जीटीए सॅन अँड्रियासमध्ये ‘फ्रेम लिमिटर’ हा पर्याय उगाच दिलेला नाही. तो बंद केला की आजच्या मशीनवर गेमच्या नायकाला, सीजेला, धड पोहताही येत नाही. नीड फॉर स्पीड रायव्हल्स ३० एफपीएस धरून बांधला होता. जबरदस्तीनं ६० केला की अख्खा गेमच दुप्पट वेगानं पळायचा.

व्ही-सिंकबद्दलचा सल्ला अर्धा बरोबर आहे. नेमबाजीच्या गेममध्ये ते बंद ठेवा, कारण त्यानं माउसला उशीर होतो. साध्या व्ही-सिंकमध्ये एखादी फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत तयार झाली नाही तर ती पुढच्या फेरीपर्यंत थांबते, आणि वेग ६० वरून थेट ३० वर येतो. पण निवांत खेळायच्या कथेच्या गेममध्ये मशीन ६० सहज काढत असेल, तर व्ही-सिंक चालू ठेवल्यावर चित्र आडवं फाटत नाही. आणि १४४ हर्ट्झची स्क्रीन घेतली असेल तर आधी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ती १४४ वर आहे का ते बघा. कित्येक ठिकाणी ती ६० वरच पडून असते.

डीपीआयवर फार बोलायला नको. नेम ठरतो डीपीआय आणि गेममधली सेन्सिटिव्हिटी यांच्या गुणाकारावर, आणि ज्यांच्या फाइली हा मेसेज वाटतो ते बहुतेक प्रो खेळाडू ४०० किंवा ८०० डीपीआयवरच खेळतात.

सगळ्यात जास्त नुकसान कॉन्फिग फाइलनं होतं. त्या खेळाडूच्या माउसला बाजूला दोन बटणं असतात आणि त्याचे ग्रेनेड त्यांवर बांधलेले असतात. तुमच्या साध्या माउसला ती बटणं नाहीतच, मग स्मोक (धुराचा ग्रेनेड) काढणार कशानं? फाइल जुनी असेल तर आणखी पंचाईत. ऑगस्ट २०२४ मध्ये वॉल्व्हनं एका बटणावर हालचालीच्या किंवा हल्ल्याच्या एकाहून जास्त क्रिया बांधणं बंद केलं. त्याआधीच्या फाइलींमधला उडी मारून ग्रेनेड फेकायचा बाइंड (एका बटणाला जोडलेली क्रिया) अधिकृत सर्व्हरवर चालत नाही.

त्यापेक्षा स्वतःचा कीबोर्ड तपासा. स्वस्त कीबोर्डला तीन-चार बटणं एकदम दाबली की त्यातलं एखादं कळतच नाही. नोटपॅड उघडा, गेममध्ये एकत्र लागणारी अक्षरं दाबून धरा, कुठलं उमटत नाही ते बघा आणि ते काम दुसऱ्या बटणावर न्या. काही ऑफिस लॅपटॉपवर डाव्या कोपऱ्यात कंट्रोलच्या जागी एफएन असतं, त्यामुळे बसायच्या वेळी बोट चुकतं. अशांनी बसणं सरळ सी वर बांधावं.

आणि आपण मराठी टाइप करणारे. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड घातला असेल तर डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबल्यावर भाषा बदलते. शिफ्टवर हळू चालणं आणि ऑल्टवर दुसरं काही बांधलं असेल, तर ऐन राउंडमध्ये कीबोर्ड मराठी होतो. मग डब्ल्यू दाबल्यावर ऐकाराची मात्रा. बरेच गेम हालचालीला अडत नाहीत, पण चॅट आणि कन्सोल बिघडतात. ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये जाऊन हा शॉर्टकट काढून टाका. शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर उघडणारं स्टिकी कीजही बंद करा. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस ही जोडी शिल्लक राहतेच.