काकीची कळशी आणि ॲसिडिक ग्रॅनाइट

फोंड्याच्या काकीने रक्तवाढीच्या गोळ्या बंद केल्या आणि पाण्याच्या कळशीत मोडक्या काळ्या वरवंट्याचा तुकडा टाकून ठेवला, तेव्हा कळलं की तो फॉरवर्ड आमच्या घरापर्यंत पोचलाय. तोच हो, "ग्रॅनाइट ॲसिडिक दगड, त्याच्या ओट्यावर जेवण केलं की पित्त वाढतं, काळा दगड अल्कलाइन, त्यात लोह, पाण्यात ठेवा नाहीतर पूड घ्या, हिमोग्लोबिन वाढतं." गणेशचवथीपासून मला पाचव्यांदा आलाय.

आधी ते ॲसिडिक. अहो, खडक आंबट असतो म्हणून नाही म्हणत तसं! १९व्या शतकात लोकांना वाटायचं की खडकातली सिलिका (वाळूचा मुख्य घटक) सिलिसिक ॲसिडपासून येते, म्हणून जास्त सिलिकावाला ॲसिडिक आणि कमीवाला बेसिक (फॉरवर्डातलं 'अल्कलाइन' इथूनच आलं असावं), ती कल्पना कधीच मोडीत निघाली पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ग्रॅनाइटात सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास, बेसॉल्टात, म्हणजे फॉरवर्डातल्या त्या काळ्या दगडात, ४५ ते ५२, एवढीच भानगड. मराठी विश्वकोशात बेसिक खडकाला 'अल्पसिकत' म्हटलंय, म्हणजे सिकता कमी असलेला. मराठीत वाचलं असतं तर हा घोळच झाला नसता. आणि ग्रॅनाइटातलं क्वार्ट्‌झ तेच जे मिरामारच्या वाळूत असतं, तिथे बसून भेळ खाल्ली म्हणून कुणाला वाळूने पित्त झालं काय?

लोहाचं म्हणाल तर बेसॉल्टात ते आहे, खोटं कशाला बोलू. पण ते पायरॉक्सीन, मॅग्नेटाइट असल्या खनिजांच्या स्फटिकांत जखडलेलं, रात्रभर कळशीत ठेवून सुटत नाही, पावसाला त्यासाठी हजारो वर्षं लागतात. आजीने जन्मभर त्याच वरवंट्याने आमटीचं वाटण वाटलं, तरी शेवटी गोळ्या घ्याव्या लागल्याच. पूड खायला सांगणाऱ्याने आधी स्वतःच्या ताटात वाढून घ्यावी.

"गोव्याचा चिरा (जांभा दगड) पण लाव्हाच" असंही कुणी म्हणतं, तेही नाही. चिरा म्हणजे पावसाने सिलिका धुऊन नेल्यावर उरलेलं लोह-ॲल्युमिनियम. लाव्हा थिजून झालेला बेसॉल्ट आपल्याकडे गोव्यात सत्तरी तालुक्याच्या कोपऱ्यात.

रेडिएशन? ग्रॅनाइटात थोडं युरेनियम, थोरियम असतं, मान्य. ओट्यापुरतं ते किरकोळ, त्यातून निघणारा वायू साचू नये एवढ्यापुरती खिडकी उघडी ठेवा.

आता गंमत. काकीचा ओटा काळाकुळकुळीत, दुकानदार त्याला 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणतो, पण असला दगड बहुतेक वेळा गॅब्रो नाहीतर डोलेराइट असतो, म्हणजे बेसॉल्टचाच सख्खा भाऊ. एक भाऊ पित्त वाढवतो म्हणे, दुसरा रक्त! हे सांगितल्यावर काकीने गोळ्या परत चालू केल्या. तुकडा मात्र अजून कळशीतच आहे.