कोटा, नाटकं आणि आपल्या पोरांच्या सीटा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड परत आला. तिसऱ्यांदा. थोडक्यात असा: अमेरिकेत रंगभेद १९६४ च्या कायद्यानी संपला, आता ब्लॅक पोरं कोट्यातून ॲडमिशन घेतात, आपल्या हुशार पोरांच्या सीटा खातात, आत गेल्यावर भावना दुखावल्या म्हणून आंदोलनाची नाटकं करतात, मिसुरीला तर युनिव्हर्सिटीच्या प्रेसिडेंटलाच घालवलं, आणि आपला भारतीयांचा यात काय संबंध, आपण आपलं शिकावं. पाठवणारे काका माणूस म्हणून चांगले आहेत, कोविडमध्ये अख्ख्या विंगला डबे पोचवले त्यांनी, म्हणून ग्रुपवर भांडलो नाही. इथे लिहितो.

१९६४ चं लवकर उरकतो. कायदा झाला, बरोबर. पण त्यानंतर चार वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९६८ ला, साउथ कॅरोलायनातल्या ऑरेंजबर्गमध्ये कॉलेजची पोरं निदर्शनं करत होती, कारण काय तर गावातल्या बोलिंगच्या हॉलमध्ये ब्लॅक लोकांना अजूनही आत घेत नव्हते. हायवे पोलिसांनी कॅम्पसवरच गोळ्या झाडल्या. ३ पोरं गेली, २८ जखमी. ९ पोलिसांवर केस झाली, ९ ही सुटले, आणि जेलमध्ये गेला तो क्लीव्हलंड सेलर्स, ज्याला स्वतःला गोळी लागली होती, गुन्हा काय तर दंगल! त्याला माफी मिळाली १९९३ मध्ये. संपलेल्या रंगभेदाला एवढा वेळ लागतो होय?

आता कोटा. हा शब्द आपण आपल्या डोक्यातून तिकडे नेऊन चिकटवलाय. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या मेडिकल कॉलेजमध्ये १०० पैकी १६ सीटा अल्पसंख्याकांसाठी बाजूला ठेवायचे, त्यावर ॲलन बाकी नावाच्या गोऱ्या उमेदवारानी केस केली आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानी सांगितलं की अशा ठरावीक सीटा राखून ठेवता येणार नाहीत. म्हणजे फॉरवर्डवाला ज्या कोट्यावर चिडलाय तो माझ्या जन्माच्या आधीच बेकायदा झालाय. त्यानंतर जे चाललं ते एवढंच की मार्क, निबंध, खेळ, घरची परिस्थिती यांच्यासोबत वंश हाही एक मुद्दा म्हणून बघता येईल. तेही जून २०२३ मध्ये हार्वर्डच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानी बंद केलं. फॉरवर्ड मात्र सुरूच!

कॅलिफोर्नियानी तर हे १९९६ लाच मतदान घेऊन बंद केलं होतं. काय झालं मग? २००६ साली यूसीएलए या तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटीत, लॉस एंजेलिससारख्या शहरात बरं का, फर्स्ट इयरला पावणेपाच हजारांच्या आसपास पोरं आणि त्यात ब्लॅक पोरं किती, तर ९६. वर्गात, लॅबमध्ये, मेसमध्ये आपल्यासारखा दुसरा कोणी दिसतो का म्हणून मान वळवून बघायची वेळ. आपल्यातले कित्येक जण तिकडे पहिल्या सेमिस्टरला हेच करतात, पण आपण बाहेरून गेलेलो असतो, ती पोरं त्याच देशातली, त्याच गावातली.

आणि सीटा खाण्याचाच हिशोब करायचा तर पूर्ण करूया ना. त्याच हार्वर्डच्या खटल्यात विद्यापीठाचा आतला डेटा बाहेर आला. प्रवेश मिळालेल्या गोऱ्या पोरांपैकी ४३ टक्के एकतर खेळाडू म्हणून घेतलेले, नाहीतर माजी विद्यार्थ्यांची मुलं, नाहीतर मोठ्या देणगीदारांचे नातेवाईक वगैरे, नाहीतर तिथल्याच प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं. ब्लॅक आणि एशियन पोरांमध्ये हे प्रमाण १६ टक्क्यांच्याही खाली. खेळाडू सोडा, बाकीच्याला आपल्याकडे वशिला म्हणतात, तिकडे माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना लेगसी म्हणतात, ऐकायला बरं वाटतं. यावर एक फॉरवर्ड आला असेल तर दाखवा.

इथे कोणीतरी म्हणणार की २०२३ च्या बंदीनंतर एमआयटीत एशियन वाढले की नाही? वाढले. पहिल्याच बॅचला ४० च्या आसपासवरून ४७ टक्क्यांवर गेले, आणि ब्लॅक पोरं १३ वरून ५ वर आली. पण त्याच वर्षी येलमध्ये एशियन ३० वरून २४ वर आले, प्रिन्स्टनमध्येही कमी झाले, हार्वर्डमध्ये ३७ होते ते ३७ च राहिले. म्हणजे ब्लॅक पोरगा बाजूला झाला की त्याची खुर्ची आपोआप आपल्या पोराकडे सरकते, हे गणित काही बसत नाही. आणि एक गंमत, हे आकडे बॅचलर्सचे, त्यातले एशियन म्हणजे तिथले एशियन अमेरिकन. काकांचा मुलगा गेला एफ-वन व्हिसावर एमएस करायला, त्याची मोजणीच वेगळी. कुठली सीट कोणी खाल्ली?

राहिलं मिसुरी. यावर जरा सविस्तर लिहितो कारण लोकांना फक्त शेवटचा सीन माहितीय, फुटबॉल टीम अडून बसली आणि प्रेसिडेंट गेला. २०१५ मध्ये आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपचं नाव होतं कन्सर्न्ड स्टुडंट १९५०. १९५० का, तर त्या साली त्या युनिव्हर्सिटीनी पहिल्यांदा ब्लॅक विद्यार्थी घेतले. त्याच्या आधी लॉइड गेन्स नावाचा पोरगा लॉ कॉलेजच्या ॲडमिशनसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १९३८ ला केस जिंकला, आणि राज्यानी काय केलं, तर त्याला आत घेण्याऐवजी ब्लॅक लोकांसाठी वेगळं लॉ कॉलेज काढायला घेतलं. मार्च १९३९ मध्ये तो शिकागोत राहत्या जागेतून बाहेर पडला तो परत कोणाला दिसलाच नाही. आजपर्यंत.

मग २०१० मध्ये तिथल्या ब्लॅक कल्चर सेंटरसमोर कोणीतरी कापसाचे बोळे टाकून गेलं. कापूस वेचायला गुलाम आणले होते, त्याची आठवण करून द्यायला. २०१५ मध्ये विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षाला रस्त्यात गाडीतून शिव्या, मग नाटकाची तालीम करणाऱ्या ब्लॅक पोरांना शिव्या. १० ऑक्टोबरच्या परेडमध्ये पोरं हातात हात घालून प्रेसिडेंट टिम वुल्फच्या गाडीसमोर उभी राहिली, एकेक साल घेऊन इतिहास सांगितला, साहेब गाडीतून उतरले नाहीत. त्याच महिन्यात पुढे होस्टेलच्या बाथरूममध्ये विष्ठेनी काढलेलं नाझी चिन्ह. साहेबांनी नंतर माफी मागितली, पण वेळ गेली होती. २ नोव्हेंबरला जोनाथन बटलर नावाचा विद्यार्थी उपोषणाला बसला, ७ तारखेला टीममधले ब्लॅक खेळाडू म्हणाले प्रेसिडेंट जाईपर्यंत आम्ही खेळणार नाही, कोचनी साथ दिली, पुढची मॅच रद्द झाली असती तर युनिव्हर्सिटीला १० लाख डॉलरचा फटका होता. ९ तारखेला राजीनामा. जे इतके दिवस ऐकू येत नव्हतं ते दोन दिवसात ऐकू आलं.

चुका झाल्या का, झाल्या. आंदोलनाच्या बाजूच्या एका प्राध्यापिकेनी पत्रकाराला हाकलायला माणसं बोलावली, ते चुकलंच, तिची नोकरीही गेली. क्लॅन (कु क्लक्स क्लॅन, ब्लॅक लोकांवर हल्ले करणारी गोऱ्यांची संघटना) कॅम्पसवर आलाय अशी अफवा उठली, ती खोटी निघाली. पण त्याच आठवड्यात एकानी ऑनलाइन लिहिलं होतं की दिसेल त्या ब्लॅक माणसाला गोळी घालीन, आणि त्याला खरोखर अटक झाली. नाटक कुठलं यातलं?

आणि शेवटचं, आपला काय संबंध. भाऊ, नागपुरात बसून हे विचारता? जेम्स लॉसन नावाचा एक ब्लॅक अमेरिकन तरुण, कोरियाच्या युद्धात सैन्यात जायला नकार दिला म्हणून जेल भोगून आलेला, १९५३ मध्ये मिशनरी म्हणून नागपूरला आला आणि हिस्लॉप कॉलेजात पोरांना खेळ शिकवत होता. गांधींचा सत्याग्रह इथे राहून समजून घेतला त्यानी. अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात ब्लॅक लोकांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्याला कळली ती नागपूरच्या पेपरात. १९५६ ला परत गेला, पुढे नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीत ॲडमिशन घेतली, आणि एका चर्चच्या तळघरात कॉलेजच्या पोरापोरींची तालीम सुरू केली: एकानी खुर्चीवर बसायचं, बाकीच्यांनी त्याला शिव्या द्यायच्या, खाली ओढायचं, तोंडावर सिगरेटचा धूर सोडायचा, आणि बसलेल्यानी हात उचलायचा नाही. डायान नॅश, जॉन लुईस ही पुढे चळवळीतली मोठी नावं झालेली, त्याच तालमीतली पोरं. फेब्रुवारी १९६० मध्ये ती दुकानांतल्या गोऱ्यांच्या लंच काउंटरवर जाऊन बसली, मार खाल्ला, अटक त्यांनाच झाली, आणि १० मे ला शहरातल्या ६ दुकानांनी काउंटर सगळ्यांना उघडे केले. मधल्या मध्ये व्हँडरबिल्टनी लॉसनला काढून टाकलं होतं. कितीतरी वर्षांनी त्याच युनिव्हर्सिटीनी त्याला शिकवायला बोलावलं, आणि २०२४ मध्ये ९५ व्या वर्षी तो वारला.

काका राहतात धरमपेठेत. हिस्लॉप तिथून स्कूटरनी फार तर दहा मिनिटं.